दिसला की संपला

24 फेब्रुवारी 2022. युक्रेनमध्ये पहाटेचे सव्वातीन वाजले होते. पार कॅलिफोर्नियात, मॉन्टेरे इथल्या मिडलबरी संस्थेत, अण्वस्त्रांचे अभ्यासक जेफ्री लुईस आणि त्यांचे विद्यार्थी गूगल मॅप्स उघडून बसले होते. रशियातल्या बेल्गोरोद शहरातून युक्रेनच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांना चक्क ट्रॅफिक जॅम दिसला. ऐन हिवाळ्यात, अशा भलत्या वेळी, सरहद्दीकडे जायची एवढी घाई कोणाला असेल? थोड्याच काळापूर्वीच्या रडार-उपग्रहाच्या छायाचित्रात नेमक्या याच भागात रशियन चिलखती गाड्या रस्त्यालगत रांगेने उभ्या दिसल्या होत्या. लुईस यांनी दोन आणि दोन चार केले आणि ट्विटरवर लिहून टाकलं की कोणीतरी हलायला लागलंय. पुतिन यांचं युद्ध पुकारणारं भाषण टीव्हीवर दिसायला अजून अवकाश होता.

यातली खरी मेख पुढे आहे. नकाशावरची ती रेघ रशियन सैनिकांच्या मोबाइलमुळे उमटलेली नसावी. रणगाड्यांचा ताफा जावा म्हणून ज्या साध्या मोटारी अडवून ठेवल्या होत्या, त्यांतल्या लोकांच्या खिशातल्या फोनमुळे ती उमटली असावी. लष्कराने आपले फोन बंद ठेवले तरी त्याने अडवलेल्या माणसांच्या फोनमधून त्याचा माग लागला. चार दिवसांनी गूगलने युक्रेनमधल्या रहदारीची ही माहिती दाखवणंच बंद केलं.

या युद्धाकडे मी तेव्हापासून एकाच प्रश्नाच्या आधाराने बघत आलो आहे: या घडीला कोण कोणाला दिसतंय? एरवी या युद्धाचा आलेख कोड्यात टाकतो. युक्रेन हा महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आकाराचा देश. क्रिमिया आणि दोनबासचा काही भाग 2014 पासूनच रशियाच्या ताब्यात होता. 2022 च्या मार्चपर्यंत रशियाने पाव देशाहून जास्त मुलूख व्यापला. नोव्हेंबरपर्यंत त्यातला बराचसा गमावला आणि ताबा पाचव्या हिश्श्याच्याही थोडा खाली आला. आणि मग? पुढची तीन वर्षं, दोन्हीकडे लाखो माणसं मारली गेली किंवा जायबंदी झाली, शहरांच्या शहरं जमीनदोस्त झाली, आणि नकाशा मात्र एक-दोन टक्क्यांनी सरकला. नऊ महिन्यांत एवढं मागेपुढे झालेलं युद्ध असं एकाएकी थिजलं का?

पहिल्याच दिवशी रशियाने युक्रेनला आंधळं करून पाहिलं होतं. आक्रमणाच्या सुमारे तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह-इंटरनेटवर सायबर हल्ला झाला आणि हजारो मोडेम निकामी झाले. युक्रेनच्या लष्कराचं संपर्काचं एक साधन गेलंच, पण जर्मनीतल्या 5,800 पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्याच तडाख्यात बंद पडलं. चक्क्या फिरत राहिल्या, फक्त त्या कशा फिरताहेत ते लांबून कळेना. काही दिवसांतच स्टारलिंकच्या तबकड्या युक्रेनमध्ये पोहोचल्या आणि खंदकातून इंटरनेट सुरू झालं. आंधळं करण्याचा डाव तिथेच फसला.

त्याच सकाळी तीसेक रशियन हेलिकॉप्टरं नीपर नदीवरच्या जलाशयावरून अगदी खालून उडत कीव्हच्या वेशीवरच्या होस्तोमेल विमानतळावर उतरली. बेत असा की धावपट्टी ताब्यात घ्यायची, मागोमाग इल्युशिन मालवाहू विमानांतून फौज उतरवायची आणि राजधानीत घुसायचं. युक्रेनच्या तोफांनी ती धावपट्टीच फोडली आणि विमानांना उतरता आलं नाही. जगातलं सर्वांत मोठं मालवाहू विमान, ‘म्रिया’, याच विमानतळावरच्या हँगरमध्ये जळून गेलं.

मग उत्तरेकडून रस्त्याने येणारा तो प्रसिद्ध ताफा. साठ किलोमीटरहून लांब. मॅक्सार कंपनीच्या उपग्रह-छायाचित्रांत तो दिसला आणि घरोघरी टीव्हीवर लोकांनी पाहिला. तो रस्ता सोडून शेतातून का गेला नाही? याचं उत्तर विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचारा. युक्रेनची जमीन काळी आहे. आपली काळी माती बेसॉल्ट खडकाची, तर तिथली हजारो वर्षं कुजलेल्या गवताची. पण पाण्याने भिजली की चाकाला धरून ठेवण्यात दोघी सारख्याच. हिवाळा सरताना बर्फ वितळलं की रणगाडेसुद्धा या मातीत पोटापर्यंत रुततात. म्हणून ताफा डांबरी रस्त्यालाच चिकटून राहिला. आणि रस्त्यावर एकामागे एक उभ्या राहिलेल्या गाड्या दिसायला किती सोप्या! युक्रेनच्या छोट्या तुकड्या रात्री ड्रोनने हेरून पुढच्या-मागच्या गाड्या उडवत. मधल्या आपोआप अडकत.

कीव्हच्या पश्चिमेला इरपिन नावाची एक लहानशी नदी आहे. सोव्हिएत काळात तिच्या दलदलीचा निचरा करून शेतजमीन काढली होती. नदीचं पात्र शेजारच्या कीव्ह जलाशयापेक्षा खाली, त्यामुळे तिचं पाणी पंपाने वर उचलून जलाशयात टाकावं लागे. युक्रेनने फेब्रुवारीच्या अखेरीस कोझारोविची इथला बंधारा मोकळा केला. जलाशयाचं पाणी उलटं नदीत शिरलं, जुनी दलदल काही दिवसांत परत आली आणि राजधानीची एक अख्खी बाजू बंद झाली. देमिदिव गावातली घरं मात्र पाण्याखाली गेली, आणि गावकरी कित्येक आठवडे तळघरांतून पाणी उपसत होते.

मार्चअखेर रशियन फौजा कीव्हभोवतालून मागे हटल्या आणि बुचा शहरातल्या याब्लुन्स्का रस्त्यावर नागरिकांचे मृतदेह सापडले. रशियाने सांगितलं, हा सगळा आमच्या माघारीनंतर उभा केलेला देखावा आहे. पण रशियन ताबा असतानाच्या, मार्चच्या मध्यातल्या उपग्रह-छायाचित्रांत त्याच रस्त्यावर त्याच जागी ते देह पडलेले दिसत होते. शेकडो किलोमीटर उंचीवरचा कॅमेरा इथे साक्षीदार ठरला. पूर्वीच्या युद्धांत अशा गोष्टी उघड व्हायला वर्षं लागली आहेत, आणि कित्येक कधीच झालेल्या नाहीत.

(तोवर आपल्याकडची मुलंही या युद्धात सापडली होती. खारकीव्ह, सुमी, कीव्ह इथे वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांत महाराष्ट्रातले विद्यार्थीही होते. तळघरांत आणि मेट्रोच्या स्थानकांत दिवस काढून ती पोलंड, रोमानिया, हंगेरीच्या हद्दी गाठत होती. साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय या काळात परतले. ‘ऑपरेशन गंगा’ आठवत असेल. त्याच महिन्यात सूर्यफूल तेलाचा डबा एकदम का कडाडला, हेही आठवत असेल. भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलातलं सुमारे सत्तर टक्के युक्रेनचं होतं.)

2022 च्या उन्हाळ्यात अमेरिकेची हायमार्स अग्निबाण-यंत्रणा आली. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचं नेमकं कोठार टिपणारी. कोठार कुठे आहे ते दिसत होतंच. आता तिथवर हातही पोहोचू लागला. खेरसोनजवळचा अंतोनिव्का पूल इतका चाळण झाला की नीपरच्या उजव्या तीरावरच्या रशियन फौजेची रसद तुटत आली. आणि जे दिसतं ते मारता येतं हे उमगल्यावर युक्रेनने मुद्दाम खोटं दाखवायला सुरुवात केली. हायमार्सच्या लाकडी प्रतिकृती बनवून शेतात उभ्या केल्या. रशियन ड्रोनला त्या खऱ्या वाटत आणि एकेका लाकडी सांगाड्यावर लाखो डॉलरचं क्रूझ क्षेपणास्त्र खर्ची पडे. डोळ्यांत धूळ फेकण्याचा सर्वांत मोठा प्रयोग सप्टेंबरमध्ये झाला. आम्ही दक्षिणेत खेरसोनवर चढाई करणार, असं युक्रेन उघडपणे सांगत राहिलं. रशियाने चांगल्या तुकड्या तिकडे हलवल्या, आणि युक्रेनने ईशान्येला, खारकीव्हकडे मुसंडी मारली. बालाक्लिया, कुप्यान्स्क, इझ्यूम ही शहरं काही दिवसांत परत मिळाली. नोव्हेंबरात खेरसोनही सुटलं. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या नकळत फौज हलवता येत होती, त्या काळातला हा शेवटचा मोठा डाव होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये युक्रेनने रशियाच्या कुर्स्क प्रांतात मारलेली धडक एवढाच काय तो अपवाद, आणि तो मुलूखही पुढच्या वसंतापर्यंत जवळजवळ सगळा हातचा गेला.

31 डिसेंबर 2022 च्या मध्यरात्री माकिइव्का शहरात, एका व्यवसाय-शिक्षणाच्या शाळेत नव्याने भरती झालेले रशियन सैनिक मुक्कामाला होते. शाळेवर हायमार्सचा मारा झाला. 89 सैनिक मेल्याचं खुद्द रशियाने कबूल केलं आणि कारण दिलं: मनाई असूनही सैनिक मोबाइल वापरत होते. वरिष्ठांनी जबाबदारी झटकण्यासाठी हे कारण पुढे केलं, असं रशियातच अनेक जण म्हणाले. एवढी माणसं एका छपराखाली कोणी ठेवली, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. एकत्र जमणं हाच आता गुन्हा ठरू लागला होता.

2023 च्या जूनमध्ये युक्रेनने पाश्चात्त्य रणगाडे घेऊन दक्षिणेत मोठं प्रतिआक्रमण केलं. अझोव्हच्या समुद्रापर्यंत जाण्याचं उद्दिष्ट होतं. फौज रोबोतिने या लहानशा खेड्याच्या आसपास अडली. वाटेत किलोमीटर-किलोमीटर रुंदीचे सुरुंगांचे पट्टे होते. सुरुंग काढायला यंत्रं पुढे सरसावली की रशियन ड्रोनला ती दिसत आणि मिनिटांत तोफा नाहीतर हेलिकॉप्टरची क्षेपणास्त्रं येत. नोव्हेंबरात सेनाप्रमुख वालेरी झालुझनी यांनी ‘द इकॉनॉमिस्ट’मध्ये स्वच्छ लिहिलं की युद्ध कोंडीत अडकलंय: शत्रू करतो ते सगळं आम्हाला दिसतं, आम्ही करतो ते सगळं त्याला दिसतं. सेनापती असं जाहीरपणे लिहीत नाहीत. तीन महिन्यांनी त्यांचं पद गेलं.

दिसण्याचा हा खेळ बदलला तो खेळण्यातल्या विमानामुळे. एफपीव्ही म्हणजे शर्यतीच्या हौशी ड्रोनची जात. चार पंखे, एक कॅमेरा, पोटाला बांधलेला स्फोटक गोळा. चालवणारा डोळ्यांवर चष्मा चढवून पाठीमागे तळघरात बसतो आणि ड्रोनला दिसतं तेच त्याला दिसतं. किंमत चारशे-पाचशे डॉलर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी मोबाइलएवढी. सुटे भाग बहुतेक चीनमधून. रणगाड्याची किंमत याच्या हजारो पट. पूर्वी तोफखाना ठिकाणावर अंदाजे मारा करी. आता एकेका माणसामागे एकेक ड्रोन लागू लागला.

यावर उतारा निघाला जॅमिंगचा. रेडिओलहरींचा गोंगाट करून ड्रोन आणि चालक यांचा संबंध तोडायचा. मग 2024 मध्ये रशियाने त्यावरही उपाय मोठ्या प्रमाणावर मैदानात आणला, आणि मला विचाराल तर या अख्ख्या युद्धातली सर्वांत चक्रावून टाकणारी वस्तू हीच. ड्रोनच्या पोटाशी एक रीळ. त्यात काचेचा तंतू, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा जाड, दहा ते वीस किलोमीटर लांब. ड्रोन उडत जातो तसा तंतू मागे उलगडत जातो. चित्र आणि हुकूम दोन्ही त्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपात. हवेत लहर नाही, त्यामुळे जॅम करायला काहीच नाही. चित्रही इतकं स्वच्छ की ड्रोन जमिनीलगत, झाडाखाली, गोठ्याच्या उघड्या दारातून आत नेता येतो. पुष्कळदा तो रस्त्याच्या कडेला उतरून पंखे बंद करतो आणि गाडी येईपर्यंत तासन्‌तास वाट बघत पडून राहतो. हल्ला झाला, न झाला, तंतू मागे राहतोच. आघाडीवरच्या शेतांवर अशा हजारो तंतूंचं जाळं पसरलंय. उन्हात ते चमकतं. पक्ष्यांनी त्याचे तुकडे घरट्यांत विणल्याची छायाचित्रंही आली आहेत.

परिणाम असा झाला की सुमारे हजार किलोमीटरच्या आघाडीच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा, पुढे वीस किलोमीटरपर्यंतचा पट्टा जवळजवळ अचल झाला. जो हलतो तो दिसतो, आणि जो दिसतो तो संपतो. रणगाडे मागे, झाडीत लपून. जे पुढे येतात त्यांच्यावर पत्र्याची शेडच्या शेड वेल्डिंग करून बसवलेली असते. रशियन सैनिक मोटारसायकलवरून, दोघा-तिघांच्या टोळ्यांनी घुसतात. रसदीसाठी गाढवं आणि घोडेसुद्धा वापरात आले, कारण ट्रक पोहोचतच नाहीत. पुढच्या खड्ड्यातल्या युक्रेनी जवानांना पाणी, डबे, बॅटऱ्या ड्रोननेच टाकल्या जातात. खड्ड्यात जाणं आणि खड्ड्यातून परतणं हेच सर्वांत धोक्याचं, म्हणून दोघे-तिघे जवान महिनोन्‌महिने एकाच जागी राहतात. जखमींना आणायला चाकांचे यंत्रमानव पाठवतात. अशा फौजांनी मुसंडी मारायची कशी? मुसंडीसाठी माणसं एकत्र जमावी लागतात, आणि जमली की संपली. हवामानाकडे आता दोन्ही बाजू वेगळ्याच आशेने बघतात. 2025 च्या नोव्हेंबरात दाट धुकं उतरलं आणि ड्रोनचे कॅमेरे निकामी झाले, तेव्हा मोडक्या मोटारी आणि दुचाक्यांवरून रशियन सैनिक पोक्रोव्स्क शहरात शिरले. या शहराला ते वर्षाहून अधिक काळ धडका देत होते.

समुद्राचा हिशेब मात्र उलटा लागला. जमिनीवर दिसण्यामुळे दोघेही थिजले, काळ्या समुद्रात एकच बाजू हरली. युद्ध सुरू झालं तेव्हा युक्रेनला नौदल असं उरलंच नव्हतं. आपली प्रमुख नौका ‘हेतमान साहायदाच्नी’ ही शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच मिकोलाइव्ह बंदरात बुडवली. एप्रिल 2022 मध्ये देशी बनावटीच्या दोन नेपच्यून क्षेपणास्त्रांनी रशियन ताफ्याची 186 मीटर लांबीची प्रमुख नौका ‘मोस्क्वा’ बुडवली. नंतर आली मागुरा: साडेपाच मीटरची, बिनमाणसाची होडी, पाण्याला चिकटून धावणारी, नाकात स्फोटकं, कॅमेऱ्याचं चित्र शेकडो किलोमीटरवरच्या खोलीत. फेब्रुवारी 2024 च्या पहिल्या रात्री अशा होड्यांच्या कळपाने ‘इवानोवेत्स’ ही क्षेपणास्त्र-नौका क्रिमियाच्या किनाऱ्यालगत गाठली. एकामागून एक त्याच भगदाडावर आदळल्या. दोन आठवड्यांनी ‘त्सेझार कुनिकोव्ह’ हे मोठं जहाज गेलं. सेवास्तोपोल हे रशियाचं ऐतिहासिक नौदल-ठाणं; ताफ्याचा बराच भाग तिथून नोव्होरोसिस्कला हलवावा लागला. ओदेसाहून धान्याची जहाजं रोमानिया-बल्गेरियाचा किनारा धरून पुन्हा सुटू लागली. जमिनीवर खड्डा खणून माणूस लपू शकतो. उघड्या पाण्यावर दीडशे-दोनशे मीटरची युद्धनौका कुठे लपवणार?

आकाशातल्या लढाईत डोळ्यांच्या जोडीला कान आले. रशिया इराणी बनावटीची शाहेद ड्रोन 2022 च्या शरदापासून वापरतोय. आता तो ती घरीच, गेरान नावाने बनवतो. त्रिकोणी पंख, पन्नासेक किलोचा स्फोटक माल, ताशी सुमारे 180 किलोमीटर वेग आणि मोपेडसारखा फटफटता आवाज. इतक्या खालून उडतात की रडारला धड दिसत नाहीत. युक्रेनच्या अभियंत्यांनी विचार केला: दिसत नाहीत, पण ऐकू तर येतात! देशभर खांबांवर सुमारे दहा हजार मायक्रोफोन बसवले, एकेक चारशे-पाचशे डॉलरचा. आवाज कोणत्या खांबावरून कोणत्या खांबाकडे सरकतोय, यावरून संगणक ड्रोनची वाट काढतो आणि पिकअप गाडीवर मशीनगन लावून बसलेल्या टोळीला टॅबवर कळवतो. सगळी यंत्रणा मिळून पॅट्रिअट क्षेपणास्त्रांच्या मोजक्या नगांच्या किमतीत बसली. रशियाने उत्तर दिलं ते संख्येने. 7 सप्टेंबर 2025 च्या एका रात्रीत 810 ड्रोन आल्याचं युक्रेनच्या हवाई दलाने सांगितलं. त्यांत पुष्कळशी हलक्याफुलक्या साहित्याची बुजगावणी असतात, गोळ्या आणि झोप दोन्ही संपवायला.

आणि जिथे सगळं दिसतं तिथे लपायचं कसं, याचा धडा 1 जून 2025 ला मिळाला. रशियातल्या चार हवाई तळांजवळ ट्रक येऊन थांबले. ट्रकवर लाकडी खोपटी. चालकांना आत काय आहे याचा पत्ता नव्हता, असं युक्रेनचं म्हणणं. खोपट्यांची छपरं लांबूनच उघडली आणि आतून 117 ड्रोन उडाले. चार तळांपैकी बेलाया हा सैबेरियात, युक्रेनपासून चार हजार किलोमीटरहून लांब. चित्र आणि हुकूम यांची ने-आण झाली ती रशियाच्याच मोबाइल नेटवर्कवरून. 41 विमानांना फटका बसल्याचा युक्रेनचा दावा होता. उपग्रह-छायाचित्रांत डझनभर जळालेली ओळखू आली. हल्ल्याच्या वेळी ड्रोनच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रफितींत आणखी एक गोष्ट दिसते. अणुबॉम्ब वाहून नेणाऱ्या विमानांच्या पंखांवर मोटारींचे जुने टायर मांडून ठेवले आहेत. येणाऱ्या क्षेपणास्त्रातल्या संगणकाला विमानाचा आकार ओळखू येऊ नये, ही त्यामागची कल्पना. कॅमेऱ्यामागे माणूस बसलेला असेल तर तिचा उपयोग शून्य.

हे सगळं वाचताना तोंडात बोट जातं, माझंही जातं. पण जी नजर रणगाडा टिपते तीच नजर भाजी आणायला निघालेल्या बाईलाही टिपते. खेरसोन शहर नीपरच्या एका तीरावर, रशियन चालक समोरच्या तीरावर. तिथून ड्रोन येऊन सायकलवाल्यांवर, बसवर, रुग्णवाहिकांवर गोळे टाकतात. चालकाला स्वच्छ दिसत असतं की समोर कोण आहे. चुकून लागलं म्हणायची सोयच नाही, आणि म्हणूनच 2025 च्या मेमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असल्याचा निष्कर्ष काढला. 2025 अखेरपर्यंत देशभरात 14,000 हून अधिक नागरिकांच्या मृत्यूंची संयुक्त राष्ट्रांनी खातरजमा केली आहे. प्रत्यक्षातला आकडा बराच मोठा असणार, हे तेही सांगतात.

खेरसोनकडे येणाऱ्या रस्त्यांवर आता दुतर्फा खांब रोवून वर आणि बाजूंना जाळी ताणली आहे, गाड्या त्या जाळीच्या बोगद्यातून धावतात. ड्रोनचे पंखे जाळीत अडकतात. यातली काही जाळी फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या मच्छीमारांनी टाकून दिलेली, तिथल्या एका संस्थेने ट्रक भरून पाठवलेली. अनुभवी चालक आता जाळीतलं भोक शोधतात, नाहीतर एका ड्रोनने भोक पाडून मागच्याला त्यातून आत घालतात. त्यामुळे भोकं बुजवणाऱ्या टोळ्यांना रोज शिडी घेऊन, उघड्या आकाशाखाली, त्याच रस्त्यावर काम करावं लागतं.